फ्रूट पायचं पाकीट मागून वाचायचं कसं?

साताऱ्यात फ्रूट पाय आता सगळीकडे दिसतो: बेकरीच्या काउंटरवर, सुपरमार्केटच्या रॅकवर आणि महाबळेश्वर बघून परतणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतही. पाकिटावर लालभडक स्ट्रॉबेरी, कापलेलं सफरचंद, त्यावर पाण्याचे थेंब. घरात या खाऊला बिस्किटापेक्षा वरचा मान मिळतो, कारण ‘त्यात फळ आहे’. मुलांच्या मधल्या सुट्टीच्या डब्यात तो जातो आणि साखरेचा त्रास असलेल्या आजीच्या ताटलीतही जातो.

फ्रूट पाय हे पक्वान्न आहे आणि पक्वान्नासारखंच मोजून खावं, एवढंच मला सांगायचं आहे. मोजायला लागणारे सगळे आकडे पाकिटाच्या मागे छापलेले असतात. अक्षर बारीक, भाषा इंग्रजी किंवा हिंदी, म्हणून आपण ते वाचत नाही. मोबाइलचा कॅमेरा धरून फोटो मोठा केला की अक्षराची अडचण संपते. उरलेलं या लेखात पाहू.

आधी पदार्थ समजून घेऊ

करंजी करणाऱ्याला पाय समजवावा लागत नाही. बाहेर पारी, आत सारण. पारीला मोहन जास्त, म्हणून ती खुसखुशीत. फरक इतकाच की करंजी तळतात आणि पाय बहुधा भट्टीत भाजतात (काही पाकीटबंद पाय तळलेलेही असतात). पुढे सगळीकडे मी पारी आणि सारण हेच शब्द वापरणार आहे, कारण लेबल वाचताना हे दोन भाग वेगळे करता आले की निम्मं काम होतं.

सारणात फळ कमी का असतं, याचं कारण फळातच आहे. ताज्या स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून थोडं जास्त पाणीच असतं. नुसती चिरलेली स्ट्रॉबेरी पारीत भरली आणि नग महिनाभर पाकिटात ठेवला, तर पारीचा लगदा होईल आणि त्याआधीच बुरशी येईल. म्हणून कारखान्यात ते पाणी साखर, ग्लुकोज आणि स्टार्चने बांधून ठेवतात, आंबटपणा वाढवतात आणि टिकाऊपणासाठी परिरक्षक घालतात. भट्टीत सारण उकळून बाहेर येऊ नये, हेही त्यांना बघावं लागतं. उष्णतेने आणि दिवस जातील तसा स्ट्रॉबेरीचा मूळ लाल रंग तपकिरीकडे झुकतो, म्हणून रंग घालतात. यात लपवाछपवी काही नाही, टिकणाऱ्या पदार्थाची ती गरज आहे. पण त्यामुळे सारणात फळापेक्षा इतर वस्तूंचा वाटा मोठा होतो, हे ध्यानात असू द्या.

पायरी १ : खूण, नंबर, तारीख

हे पटकन उरकता येतं. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. आपल्याकडच्या नियमात अंडंही मांसाहारी गटात येतं. त्यामुळे पारीला चकाकी यावी म्हणून अंडं लावलं असेल, तरी त्रिकोणच दिसेल. परदेशातून आलेल्या पाकिटावर आयातदाराचा वेगळा स्टिकर असतो, खूण तिथे शोधा. बाहेरच्या काही देशांत पायच्या पारीत डुकराची चरबी घालण्याची जुनी रीत आहे, तेव्हा शाकाहारी घरांनी हा स्टिकर वाचल्याशिवाय पाकीट फोडू नये.

एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १४ अंकी असतो. शंका आली तर तो ‘फॉस्कॉस’ या सरकारी संकेतस्थळावर घालून पाहता येतो. तारखेच्या बाबतीत ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख बघा, ती छापणं बंधनकारक आहे. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक आहे. तारीख बऱ्याचदा शिवणीच्या कडेला ठशाने मारलेली असते आणि पुसट होते. पुसट तारखेचं पाकीट घेऊच नका, दुकानदार ओळखीचा असला तरी.

पायरी २ : घटकांची यादी, आणि त्यातला कंस

इथे जरा थांबून वाचायचं आहे, कारण सगळी गोम इथेच आहे.

नियम असा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. पण फ्रूट पायच्या यादीत पहिला शब्द बहुधा ‘फ्रूट फिलिंग’ असतो आणि वाचणारा खूश होतो. फिलिंग हा मिश्र घटक आहे. त्याच्यापुढे कंस असतो आणि त्या कंसात पुन्हा उतरता क्रम असतो. तो कंस वाचायचा.

उदाहरणासाठी एक यादी घेऊ. ही कुठल्या एका कंपनीची नाही, पण अशा पाकिटांवर साधारण याच घडणीचा मजकूर आढळतो:

फ्रूट फिलिंग ४० टक्के (साखर, स्ट्रॉबेरी ३० टक्के, पाणी, लिक्विड ग्लुकोज, सफरचंदाचा गर, थिकनर १४४२, जेलिंग एजंट ४४०, अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर ३३० व ३३१, प्रिझर्वेटिव्ह २०२, रंग १२२), मैदा, खाद्य वनस्पती तेल (पाम), साखर, इन्व्हर्ट सिरप, मीठ, इमल्सिफायर ४७१ व ३२२, खाण्याचा सोडा ५००, परिरक्षक २८२.

आता गणित करा. सारण एकूण नगाच्या ४० टक्के. त्या सारणात स्ट्रॉबेरी ३० टक्के. म्हणजे १०० ग्रॅम पायमध्ये स्ट्रॉबेरी १२ ग्रॅम. नग ६० ग्रॅमचा असेल तर स्ट्रॉबेरी सुमारे ७ ग्रॅम. मध्यम आकाराच्या एका स्ट्रॉबेरीचं वजन साधारण १२ ग्रॅम भरतं. म्हणजे पाकिटावर अख्खी परडी असली, तरी हाती आली ती अर्ध्या स्ट्रॉबेरीहून जराशी जास्त.

ही टक्केवारी कंपन्या हौसेने छापत नाहीत. पाकिटावर शब्दाने किंवा चित्राने ज्या घटकाचं कौतुक केलं असेल, त्याचं प्रमाण लिहिलंच पाहिजे असा २०२० च्या लेबलिंग नियमावलीचा दंडक आहे. तेव्हा समोर फळाचं चित्र आहे आणि मागे टक्का कुठेच नाही, असं दिसलं तर ते पाकीट परत ठेवा. टक्का कंसाच्या आत असेल तर तो बहुधा फक्त सारणाचा असतो, अख्ख्या नगाचा नाही. गुणाकार तुम्हाला करावा लागतो.

याच कंसात आणखी दोन गोष्टी वाचता येतात. साखर स्ट्रॉबेरीच्या आधी लिहिलेली आहे, म्हणजे सारणात साखर ३० टक्क्यांहून कमी नाही. आणि ‘सफरचंदाचा गर’. स्ट्रॉबेरीच्या सारणात सफरचंद घालतात, कारण ते स्वस्त पडतं आणि त्यात पेक्टिन असल्याने सारण घट्ट बसतं. सफरचंद वाईट आहे असं मुळीच नाही, पण आपण स्ट्रॉबेरीचे पैसे मोजतोय हे विसरू नये.

आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या फळाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ हे नाव दुसरीकडच्या फळाला लावता येत नाही. म्हणून पाकिटावर नुसतं ‘स्ट्रॉबेरी’ लिहिलेलं असेल, तर ती आपल्या भिलार-पाचगणीचीच असेल असं मनाने धरू नका. जॅमच्या बाबतीत तर नियमच वेगळा आहे. जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ लागतं, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीच्या जॅमला २५ टक्के चालतं. पायच्या सारणात ‘स्ट्रॉबेरी जॅम’ असं लिहिलेलं असेल, तर हा आकडा मनात ठेवून हिशेब करा.

पायरी ३ : साखर किती नावांनी आली ते मोजा

वरच्या यादीत साखर दोनदा आली, एकदा सारणात आणि एकदा पारीत. शिवाय लिक्विड ग्लुकोज आणि इन्व्हर्ट सिरप. यादीत त्या वेगवेगळ्या जागी विखुरल्या की प्रत्येकीचा वाटा लहान दिसतो आणि मैदा किंवा फळ वर येतं. एकत्र केल्या तर साखर पहिल्या-दुसऱ्या नंबरवर जाऊन बसेल. पेन्सिल घेऊन या शब्दांखाली रेघ मारा: शुगर, ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, इन्व्हर्ट सिरप, मध, गूळ, फळाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नाही, पण रक्तातली साखर वाढवायला तेही कमी नाही. त्यालाही रेघ मारा.

‘गूळ घातलेला’ असं लिहिलेले पाय हल्ली दिसू लागलेत. आपल्याकडे गुळाला मान आहे आणि त्याची चव मलाही प्रिय आहे, पण गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. पाय गुळाचा आहे म्हणून दोन नग खाल्ले, तर हिशेब बिघडतो.

पायरी ४ : पारीतलं तूप म्हणजे नेमकं काय

पारी खुसखुशीत होते ती घट्ट राहणाऱ्या स्निग्धाने. घरी आपण तूप किंवा लोणी वापरतो, कारखान्यात बहुधा पाम तेल किंवा त्यापासून केलेलं बेकरी शॉर्टनिंग, मार्गारीन. आपल्या बेकऱ्यांतली खारी आणि पॅटिस यांचे पापुद्रे सुटतात तेही अशाच मार्गारीनवर.

पाम तेलात सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे संपृक्त मेद, जवळपास निम्मं असतं. पाम कर्नल तेलात ते ८० टक्क्यांच्या वर जातं. नावं सारखी दिसतात, म्हणून ‘कर्नल’ हा शब्द आहे का ते पाहा. ‘हायड्रोजनेटेड’ किंवा ‘वनस्पती’ लिहिलेलं असेल तर ट्रान्स फॅटचा, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदाचा, प्रश्न येतो. १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांतल्या एकूण स्निग्धात कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे नोंदणीकृत कंपनीच्या पाकिटावर हा आकडा शून्याच्या आसपास दिसतो. त्यावर समाधान मानून पुढे जाऊ नका. ट्रान्स फॅट घटलं म्हणून संपृक्त मेद घटत नाही, तो आकडा वेगळा बघावा लागतो.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांनी मोहून जाऊ नये. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांतच असतं. वनस्पती तेलात ते नव्हतंच, तेव्हा काढलं काय? आपल्या शरीरातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं ते मुख्यतः संपृक्त आणि ट्रान्स मेदाने.

एक साधी परीक्षा जिभेवरही होते. घास खाऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर जाणवला, तर त्या पारीतलं स्निग्ध अंगाच्या उष्णतेला पुरतं वितळलेलं नाही. लोण्यात केलेली पारी असा थर सोडत नाही.

पायरी ५ : पोषणाचा तक्ता

तक्त्यात दोन रकाने असतात. एक दर १०० ग्रॅमचा, दुसरा ‘पर सर्व्ह’, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एका वाढपाचा. दुसऱ्या रकान्यातले आकडे छोटे असतात आणि डोळा तिकडेच जातो. म्हणून आधी वाढप किती ग्रॅमचं धरलंय ते बघा. नग ६० ग्रॅमचा आणि वाढप ३० ग्रॅमचं, असं असू शकतं. अर्धा नग खाऊन उरलेला कागदात गुंडाळून ठेवणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

आपल्या उदाहरणातल्या पायचा तक्ता १०० ग्रॅमला असा धरू: ऊर्जा ४०० किलोकॅलरी, प्रथिनं ३.५ ग्रॅम, कर्बोदकं ५८ ग्रॅम, एकूण साखर २६ ग्रॅम, त्यात वरून घातलेली साखर २४ ग्रॅम, एकूण मेद १७ ग्रॅम, संपृक्त मेद ८.५ ग्रॅम, सोडियम २२० मिलिग्रॅम. ६० ग्रॅमच्या अख्ख्या नगासाठी प्रत्येकाला ०.६ ने गुणा. ऊर्जा २४० किलोकॅलरी. घातलेली साखर १४.४ ग्रॅम, म्हणजे साडेतीन लहान चमचे. संपृक्त मेद ५.१ ग्रॅम. प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम.

हे जास्त की कमी? नियमावलीने प्रौढ माणसासाठी दिवसाचं माप धरलंय ते असं: २००० किलोकॅलरी, एकूण मेद ६७ ग्रॅम, संपृक्त मेद २२ ग्रॅम, ट्रान्स मेद २ ग्रॅम, घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. पाकिटावर ‘आरडीए’ म्हणून जी टक्केवारी असते ती यावरूनच काढतात. आपल्या नगाने दिवसाच्या उष्मांकांपैकी १२ टक्के घेतले, पण साखरेच्या मर्यादेपैकी जवळपास २९ टक्के आणि संपृक्त मेदापैकी २३ टक्के. म्हणून नुसत्या कॅलरी बघणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. त्या मापाने निम्म्याहून अधिक वाटा एका नगात संपतो, सकाळ-संध्याकाळचा चहा अजून बाकीच आहे.

मुलांसाठी हे माप लागू पडत नाही, आणि पाकीट ते सांगत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी लागतात. साखरेतून त्यातल्या दहा टक्क्यांहून जास्त येऊ नयेत, म्हणजे साखर ३४ ग्रॅमपर्यंत. बालवाडीतल्या मुलाने हा एक नग खाल्ला की दिवसभराच्या साखरेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक झाली. डब्यात पाय द्यायचाच असेल तर अर्धा द्या आणि सोबत मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे द्या, म्हणजे प्रथिनांची कसर थोडी भरून निघते.

फळाच्या मोबदल्याचंही बघू. १०० ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत साधारण ३२ किलोकॅलरी, साखर ५ ग्रॅमच्या आत, तंतू २ ग्रॅम आणि क जीवनसत्त्व ६० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पायमधल्या ७ ग्रॅम स्ट्रॉबेरीत यातलं काय उरणार? शिवाय क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. त्यामुळे ‘निदान पायमधून तरी फळ पोटात जातं’ या समजुतीला आकडे साथ देत नाहीत.

पायरी ६ : ते तीन आणि चार अंकी नंबर

नंबर दिसला की काही जण पाकीट फेकतात. तसं घाबरू नये. हे आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत आणि बरेचसे निरुपद्रवी आहेत. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. ४४० म्हणजे पेक्टिन, फळाच्या सालीतून काढलेलं. ३२२ लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. ५०० खाण्याचा सोडा. ३०० क जीवनसत्त्व. १४४२ म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च, सारण घट्ट धरून ठेवणारा. २०२ आणि २८२ बुरशी रोखतात, २०२ मुख्यतः सारणात आणि २८२ पिठाच्या भागात.

मी लक्ष घालते ते दोन गटांकडे. पहिला कृत्रिम रंग: १०२, ११०, १२२, १२४. आपल्याकडे ठरलेल्या मर्यादेत त्यांना परवानगी आहे. युरोपात मात्र २०१० पासून या रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या चंचलपणाविषयी आणि एकाग्रतेविषयी इशारा छापावा लागतो. लहान मुलांसाठी घेताना मी रंगाविना असलेलं किंवा बिटाचा रंग १६२ घातलेलं पाकीट निवडते. परदेशी पाकिटावर १२० दिसला तर तो किड्यांपासून काढलेला लाल रंग आहे, शाकाहारी मंडळींनी टाळावा.

दुसरा गट सल्फाइटचा, २२० ते २२८. दमा असलेल्या काहींना सल्फाइटने त्रास होतो. सफरचंदाच्या किंवा सुक्या मेव्याच्या पायमध्ये ते येऊ शकतं, कारण सुकवलेल्या फळाचा रंग टिकवायला गंधक वापरतात. सांगली-तासगावकडच्या वाचकांना बेदाण्याला दिली जाणारी गंधकाची धुरी ठाऊक असेल. पिवळ्या सोनेरी बेदाण्याचा पाय म्हटलं की सल्फाइट शोधायचं. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक असेल तर ते अ‍ॅलर्जीच्या ओळीत लिहावंच लागतं. त्याच ओळीत गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, सुका मेवा, सोया यांचेही उल्लेख असतात. घरात कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर मैद्याचा पाय बादच.

पायरी ७ : ‘शुगर फ्री’ आणि मधुमेह

माझ्या आत्याला साखरेचा त्रास आहे. तिच्याकडून पाकीट काढून घ्यायला गेलं की ती म्हणते, “अगं, फळाचंच हाय की, आणि शुगर फ्री लिवलंय वर!”

मी तिला सांगते ते इथेही सांगते. “आत्या, शुगर फ्री म्हणजे १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त नाही, इतकाच त्याचा अर्थ. मैदा आहे तेवढाच आहे, आणि पोटात गेल्यावर मैद्याची साखरच होणार.” साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल, म्हणजे ९६५ नंबर असतो. त्यात साखरेच्या निम्म्याहून थोडे जास्त उष्मांक असतात आणि त्यानेही रक्तातली साखर काही प्रमाणात वाढते. जास्त खाल्लं तर पोट बिघडतं, तशी सूचना पाकिटावर असते. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे वरून साखर घातली नाही, पण फळाची स्वतःची साखर आणि पिठातली कर्बोदकं आहेतच.

मधुमेह असलेल्यांनी साखरेच्या ओळीपेक्षा ‘टोटल कार्बोहायड्रेट’ ही ओळ आधी वाचावी. आपल्या उदाहरणातल्या नगात ती जवळपास ३५ ग्रॅम भरते. हा आकडा आपल्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना सांगा आणि त्या दिवशी जेवणातली कुठली पोळी किंवा भात कमी करायचा ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. पोळी-भात तसाच ठेवून वर पाय खाऊ नका.

पायरी ८ : घरी एक नग उघडून पाहा

ही परीक्षा मुलांना फार आवडते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर अख्खा नग ठेवा आणि पाकिटावरच्या वजनाशी ताडून बघा. मग सुरीने वरची पारी उचला, चमच्याने सारण खरवडून वाटीत घ्या आणि वाटीचं वजन वजा करून सारण तोला. ६० ग्रॅमच्या नगात ४० टक्के सारण म्हणजे २४ ग्रॅम भरायला हवं.

आता ते सारण बारीक चाळणीत टाकून नळाच्या बारीक धारेखाली धरा. गुलाबी, चिकट पाणी वाहून जातं; स्टार्च आणि साखर त्याच्याबरोबर जातात. चाळणीत उरतात फळाचे तुकडे आणि स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या त्या टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळ्या बिया. पांढरट, किंचित करकरीत तुकडे दिसले तर ते सफरचंद. गर मात्र पाण्याबरोबर निघून जातो, त्यामुळे यातून टक्केवारी काढू नका. तुकडे आहेत की नाहीत एवढं कळतं. मुलांसमोर एकदा हे केलं की पुढच्या वेळी दुकानात पाकीट तीच उलटं करून बघतात.

वजन कमी भरलं तर तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करायची. बुरशी, किडे किंवा खोट्या लेबलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या अ‍ॅपवर होते. पाकीट, बिल आणि उरलेला पदार्थ फेकू नका.

पायरी ९ : सुटा पाय घेताना

गल्लीतल्या बेकरीत ट्रेमधून काढून दिलेल्या नगावर लेबल नसतं. तिथे विचारावंच लागतं. दादा, पारीत बटर आहे की मार्गारीन की डालडा? सारण इथेच शिजवता की तयार बादलीतलं? आज भाजलेलं आहे का? आपल्याकडचे बेकरीवाले हे प्रश्न विचारल्यावर रागावत नाहीत, उलट सारण स्वतः शिजवणारा माणूस आनंदाने सांगतो. क्रीम किंवा कस्टर्ड असलेला पाय बाहेर काचेच्या कपाटात ठेवला असेल तर घेऊ नका, तो थंडच हवा.

पायरी १० : हंगामात घरचा पाय

डिसेंबर ते मार्च या काळात वाई-पाचगणीकडून साताऱ्याच्या मंडईत स्ट्रॉबेरी भरपूर येते. तेव्हा एकदा घरी करून बघा, तुलना आपोआप होईल.

पारीसाठी १०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम थिजलेलं तूप, चिमूटभर मीठ. तूप पिठाला बोटांच्या टोकांनी चोळा, पीठ रवाळ दिसू लागलं की थांबा. तळव्याने चोळलं तर तूप वितळतं आणि पारी कडक होते. चार चमचे गार पाण्यात गोळा करा, मळू नका, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. सारणाला ५०० ग्रॅम चिरलेली स्ट्रॉबेरी, ७० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्ध्या लिंबाचा रस. दोन तृतीयांश गोळा लाटून २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये बसवा, सारण भरा, उरलेल्या गोळ्याच्या पट्ट्या वरून जाळीसारख्या लावा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा, सारण मधोमध बुडबुडे देऊ लागलं की झालं. पूर्ण निवल्याशिवाय कापू नका, नाहीतर सारण वाहतं.

याचे आठ तुकडे करा. एका तुकड्यात उष्मांक जवळपास २४०, म्हणजे पाकिटातल्या नगाएवढेच. तुपामुळे संपृक्त मेद ६ ग्रॅमच्या पुढे, पाकिटापेक्षा थोडा जास्तच. पण घातलेली साखर ९ ग्रॅमच्या आत आली आणि स्ट्रॉबेरी भरली ६० ग्रॅमहून अधिक. तूप ६० ग्रॅमवर आणलं तरी पारी चांगली होते, फक्त लाटताना कडा जरा फाटतात. त्या बोटाने जोडून घ्या.

हंगाम संपायच्या आधी स्ट्रॉबेरी धुऊन, देठ काढून, पूर्ण कोरडी करून ताटात सुटी पसरा आणि फ्रीजरमध्ये कडक झाल्यावर पिशवीत भरा. असं केलं की गोळा होत नाही आणि पावसाळ्यातही हवी तेवढी काढता येते. गोठवलेल्या फळाला पाणी जास्त सुटतं, त्यामुळे सारणात कॉर्नफ्लोअर एक चमचा वाढवा आणि फळ वितळायची वाट न पाहता तसंच पारीत भरा.